ऋण की दान?

पाठीच्या कण्याला इजा होऊन लुळे पडलेल्या सैनिकांसाठी पुण्यात खडकी येथे 1974 साली पुनर्वसन केंद्र उभे राहिले. ज्याला कूस पालटण्यासही दुसऱ्याचा हात लागतो, अशा शंभर टक्के अपंग सैनिकाला शासन निवृत्तिवेतनाखेरीज सततच्या परिचर्येसाठी वेगळा भत्ता देते. 2017 साली तो दरमहा 4500 रुपयांवरून 6750 रुपये झाला.

हे दान आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. दान देणाऱ्याला हात आखडता घेता येतो. ऋणकोला ती मुभा नसते. आपल्या वतीने ज्याला सीमेवर धाडले, त्याचे आपण ऋणको आहोत. गेलेल्या पायांची किंमत कोणी करू शकत नाही, आणि हा भत्ता ती करीतही नाही. तो परिचर्येच्या श्रमांचे मोल देऊ पाहतो.

हे श्रम बहुधा पत्नीचे वा आईचे असतात. रात्रीतून उठून त्याची कूस पालटणाऱ्या त्या स्त्रीला आपण 'त्यागमूर्ती' म्हणतो आणि ऋणातून सुटलो असे मानतो. गौरवाने ऋण फिटत नाही. म्हणून रकमेचे मोजमाप एकाच प्रश्नाने व्हावे : तेवढ्या पैशांत तिला आठवड्यातून एक रात्र तरी निश्चिंत झोपता येते काय?