फरशी माझी, रांग सगळ्यांची

फुटपाथ तुटलाय, कर आपण भरतो, मग तक्रार करायची. यात विचार करण्यासारखं काय आहे? मी कामानिमित्त इंग्लंडमध्ये राहतो आणि मला वाटतं, बरंच काही आहे.

इथे बहुतेक रस्ते-फुटपाथ नीट ठेवणं ही कौन्सिलची कायदेशीर जबाबदारी आहे. १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टचं कलम ४१ तसं सांगतं. पण पैसे आणि माणसं मोजकी, म्हणून कौन्सिल नियम ठरवते: पाहणी किती महिन्यांनी करायची, फरशी किती वर आली की दुरुस्त करायची. अनेक ठिकाणी हा आकडा २० मिलिमीटरच्या आसपास असतो.

समजा, माझ्या गल्लीतली फरशी १५ मिलिमीटर वर आलीय. मी चार खरमरीत ईमेल टाकले, फोटो जोडले, नगरसेवकाला गाठलं आणि फरशी बसवून घेतली. पण त्या दिवशी आलेली माणसं दुसरीकडून काढून आणलेली असणार. तिकडे कदाचित ३० मिलिमीटरचा उंचवटा असेल आणि त्यावरून काठी टेकत जाणाऱ्या आजींना ईमेल लिहिता येत नसेल. सॉफ्टवेअरमध्ये हे आपण रोज बघतो. जो क्लायंट जास्त ओरडतो, त्याचा बग आधी सुटतो. आपल्याकडे यासाठी ओळख लागते, इथे सफाईदार इंग्रजी. दोन्हींनी रांग मोडते.

मग गप्प बसायचं का? नाही. पण ओम्बड्समन नेमकं काय विचारतो, ते बघा.

इंग्लंडमधल्या कौन्सिलांसाठी ही व्यवस्था १९७४ च्या कायद्याने आली. तक्रार फुकट करता येते. मात्र आधी कौन्सिलला उत्तर द्यायची संधी द्यावी लागते आणि प्रश्न कळल्यापासून साधारण १२ महिन्यांत यावं लागतं. ओम्बड्समन फरशी मोजत नाही. ठरलेली पाहणी झाली का, तक्रारीची नोंद झाली का, निर्णय कशाच्या आधारावर घेतला, हे तो तपासतो. निर्णय रीतसर झाला असेल, तर केवळ तो तुम्हाला पटला नाही म्हणून तो बदलत नाही.

अनेकांना हे कोरडं वाटतं. मला हवी फरशी, हे मागतात फाइल! पण नैतिकदृष्ट्या हाच प्रश्न मोठा आहे. फरशी बसली तर फायदा एका गल्लीचा. पाहण्याच राहून गेल्यात असं निघालं, तर ते सगळ्या गल्ल्यांचं असतं. म्हणून ओम्बड्समन माफी किंवा भरपाईसोबत कामाची पद्धत सुधारायलाही सांगू शकतो. त्याच्या शिफारशी कायद्याने बंधनकारक नाहीत, तरी कौन्सिला त्या जवळपास नेहमीच मानतात.

यात दोन अडचणी आहेत. नियमच तोकडा असेल, तर तो नीट पाळूनही फुटपाथ वाईट राहतो. ते भांडण बजेटचं आणि मताचं, ओम्बड्समनचं नाही.

दुसरी अडचण जास्त बोचरी आहे. चुकीमुळे तुमच्यावर अन्याय झाला, हे दाखवावं लागतं. मी धडधाकट, फरशी ओलांडून जातो. माझ्यावर कसला अन्याय? ज्यांनी पडायच्या भीतीने बाहेर जाणंच सोडलं, त्या तक्रार करत नाहीत. त्यांच्या संमतीने दुसरा कोणी करू शकतो. म्हणजे आधी त्यांचं दार वाजवून विचारायला हवं, “तुमच्या वतीने लिहू का?” त्या नाही म्हणाल्या, तर तेही मानायला हवं. आपला राग त्यांच्या नावावर खपवायचा नाही.

लोकायुक्तांचा कायदा महाराष्ट्रात १९७१ पासून आहे, त्यामुळे हा प्रश्न पुण्या-नाशिकच्या वाचकालाही लागू आहे. तक्रार लिहिण्याआधी स्वतःला एवढंच विचारावं: मी जे मागतोय त्याने रांग सरळ होईल, की फक्त माझा नंबर पुढे जाईल?