जमीन कुणाची, हे विचारत चालायची वाट

पोलंडमधल्या क्राको शहराच्या नोवा हुता भागात वाटाडे पर्यटकांना पायी फिरवून साम्यवादी राजवटीचा इतिहास सांगतात. १९४९ पासून पोलाद कारखान्यासाठी वसवलेली ही कामगारनगरी. रुंद रस्ते, आखीव इमारती आणि लेनिनचा पुतळा १९८९ मध्ये जिथून हलवला ती जागा, हे सगळं बोट दाखवून सांगता येतं. तिथे साम्यवाद सरकारने वरून आणला, म्हणून तो दगडविटांत उरला. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याच्या मुलखात साम्यवादाच्या मुळाशी असलेला प्रश्न शेतातून वर आला: जमीन कुणाची? त्याची खूण शोधायला बांधावरून चालावं लागतं.

सुरुवात पेण तालुक्यातल्या गागोद्यातून करावी. इथे १८९५ मध्ये विनोबा भावे यांचा जन्म झाला. घरच्या फणसाचे पहिले गरे शेजाऱ्यांना वाटायचे आणि मग आपण खायचे, ही आईची शिस्त. पुढे तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा पेटला, तेव्हा विनोबा त्याच भागात पायी गेले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला शंभर एकरांचं पहिलं दान मिळालं आणि भूदान सुरू झालं. त्यांचं उत्तर असं, की ज्याच्याकडे आहे त्याने आपणहून द्यावं.

पण कूळ देणाऱ्याच्या मनावर किती काळ विसंबून राहणार? पेणच्या शेजारी, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात हा प्रश्न आधीच विचारून झाला होता. खाजणाचे बांध कुळांनी राखायचे, भात त्यांनी पिकवायचं आणि खळ्यावरून खोताने, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराने, उचलून न्यायचं, अशी ती रीत. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीत संप ठरला. पंचवीस गावांनी सुमारे सहा वर्षं खोतांची जमीन कसली नाही. घरात दाणा नसताना शेत ओसाड ठेवायचं, याला काय छाती लागली असेल! १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. १९३९ चा कूळ कायदा, १९४८ चा त्याहून व्यापक कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा हे सगळं नंतरचं. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारा कूळ कायद्याने मालक मानला गेला. शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा या जिल्ह्यात एवढा रुजला, तो याच मातीत.

रोह्यात तिसरं उत्तर भेटतं. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म इथला, १९२० चा. त्यांच्या योगेश्वर कृषीत गावकरी पाळीपाळीने राबतात आणि पीक देवाचं मानतात. मालकच देव, मग भांडण कुणाशी?

तिन्ही उत्तरं आदराची आहेत. तरी मला चरीचं उत्तर सर्वांत भक्कम वाटतं, कारण त्यात घेणाऱ्याला कुणाच्या चांगुलपणाची वाट पाहावी लागत नाही. सप्टेंबर २००८ मध्ये सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची का, असा कौल पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत घेतला गेला. शेतकऱ्यांनी रांगा लावून मत दिलं. त्यांना विचारावं लागलं, कारण सातबाऱ्यावर नाव त्यांचं होतं.

ही वाट दाखवायला कुळांच्या घरातल्या जुन्या माणसांइतका चांगला वाटाड्या मिळणार नाही, आणि ती माणसं आता थकली आहेत. पेण-रोह्याच्या शाळा-कॉलेजांनी त्यांना बरोबर घेऊन मुलांना एकदा तरी या बांधांवरून चालवावं. आणि तुमचं घर शेतकऱ्याचं असेल, तर तलाठ्याकडून जमिनीचे जुने फेरफार काढून वाचा. कुळाचा मालक कधी झाला, किंमत किती ठरली, कूळ कायद्यातलं ३२ म चं, म्हणजे जमीन खरेदीचं, प्रमाणपत्र कुणाच्या नावे निघालं, ते त्यात लिहिलेलं असतं.