सात आसनांची गाडी

कोकणातल्या मुस्लिम घराची सुबत्ता पूर्वी माडीवरून ओळखत. आता ती अंगणातल्या गाडीवरून ओळखतात. दापोली तालुक्यात, हर्णै-दाभोळच्या पट्ट्यात, आखातातून परतलेल्या माणसाच्या दारात २००० नंतर क्वालिस आली, २००५ पासून इनोव्हा. सात-आठ आसनांची ही गाडी कुटुंबासाठी घेतलेली असते, पण ती कुटुंबापुरती राहत नाही. रात्री कुणाला बाळंतकळा सुरू झाल्या, तर दार याच घराचे वाजते. पेशंटला डेरवणला न्यायचे, निकाहचे पाहुणे खेड स्टेशनावरून आणायचे, परगावी जनाज्याला चार माणसे न्यायची. गाडी दारात उभी असताना जागा नाही असे म्हणता येत नाही.

तिच्या शेजारी आपण एक जुनी स्पोर्ट्‌स कार उभी करून पाहू. समजा, जॅग्वारची एक्सके १२०. १९४८ साली ती लंडनच्या प्रदर्शनात मांडली गेली. ताशी १२० मैलांच्या वेगावरून तिचे नाव पडले. आसने दोन. अशा मोटारी आपल्याकडेही शौकिनांनी जपल्या आहेत. २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद करण्याची सोय केली. नव्या नोंदणीला शुल्क २०,००० रुपये. मात्र अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच ती बाहेर पडते. (आमच्या घाटरस्त्यांवर पावसाळ्यानंतर तिचे पोट खड्ड्याला टेकेल, ते वेगळेच!)

मग हा सरळ इसराफ नव्हे काय? आम्हाला तसे चटकन म्हणवत नाही. पाऊणशे वर्षांपूर्वीचे इंजिन चालू ठेवायचे तर सुटा भाग बाजारात मिळत नाही, तो कारागिराकडून घडवून घ्यावा लागतो. त्यात एक हुनर जिवंत राहतो. उलट कुटुंबाची गाडी आपण दहा वर्षे राबवतो आणि नवे मॉडेल आले की विकतो. वस्तूशी इमान कोण राखतो, हे विचारले तर शौकिनाचे पारडे जड होईल.

तरीही आसनांचा हिशेब सुटत नाही. दोन आसनांच्या गाडीकडे शेजारी काही मागतच नाही, त्यामुळे तिच्या मालकाला नाही म्हणण्याची वेळही येत नाही. सात आसनांच्या मालकाला ती रोज येते. तो डिझेलचे पैसे घेत नाही आणि मनात मात्र धरून ठेवतो, असेही आम्ही पाहतो. पण त्याची निदान परीक्षा होते.

आणि या परीक्षेतला अवघड प्रश्न शेजाऱ्याचा नाहीच. या गाडीत कोण कुठे बसते, ते पाहावे. पुढे घरचा कर्ता, मधल्या रांगेत वडीलधारी आणि पाहुणे. शेवटची रांग मागच्या चाकांवर येते. तिथे दणके सर्वांत जास्त आणि वळणावळणाला गाडी लागते ती तिथेच. त्या रांगेत सून बसते, मांडीवर मूल, पायाशी पिशव्या. मधले आसन दुमडल्याशिवाय तिला उतरताही येत नाही. गावभराला नाही न म्हणणाऱ्या त्या मालकाने, खेड ते दापोली एकदा तरी, तिथे बसून पाहिले आहे काय?