शिवलेलं प्यादं

पारावर आम्ही बुद्धिबळ खेळायचो तेव्हा चाल परत घेणं हा काही गुन्हा नव्हता. प्यादंही पहिल्या चालीला एकच घर पुढं जायचं. दोन घरांची चाल मी तालुक्याच्या हायस्कुलात शिकलो, आणि शिवलं की चालवायचं हा नियमही तिथलाच.

नववीत असताना तालुक्याला खुली स्पर्धा झाली. शेवटच्या फेरीत माझ्यासमोर एक निवृत्त तलाठी. पांढरी माझ्याकडं. वजिरापुढचं प्यादं मी दोन घरं टाकलं, मग शेजारचं उंटापुढचं. चार चालींत माझा उंट त्यांच्या घोड्यावर रोखलेला, आणि घोड्यामागं त्यांचा वजीर. घोडा हलला की वजीर जाणार, म्हणजे मधलं प्यादं फुकटचं! मी त्या प्याद्यावर बोट ठेवलं आणि चमकलो. मी घोड्यानं ते मारलं, तर ते खुशाल वजीर सोडून माझा घोडा मारतील. मी वजीर घेतला की उंटाचा शह. मध्ये घालायला माझा वजीरच. हिशेब केला तर एका प्याद्यापायी घोडा गेलेला. याला हत्तीचा सापळा म्हणतात, हे पुढं वाचलं. गंमत म्हणजे त्यात हत्ती जागचा हलतही नाही.

शिवलेलं प्यादं मारायलाच हवं होतं, आणि मारायला घोड्याखेरीज माझ्याकडं काही नव्हतं. मी मान वर केली. तलाठीकाका थर्मासचं झाकण लावत होते. पंच दुसऱ्या टोकाला. मी बोट काढलं आणि राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं. डाव जिंकलो. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला.

रात्री अण्णांना सांगितलं. त्या साली शेजाऱ्यानं आमचा बांध कोरला होता. नांगर जरा कलता धरायचा, दर साली वीतभर. अण्णा एवढंच म्हणाले, "त्येला दिसलं न्हाई म्हून त्येचं गेलं न्हाई, असं हुतंय व्हय?"

जाणकार सांगतात, तक्रार समोरच्यानं करायची, तीही स्वतःची सोंगटी हातात घेण्याआधी. खरं आहे. मोजणी येईपर्यंत बांधाचंही तसंच असतं. पण तक्रार कुणी करायची एवढंच नियम सांगतो; तक्रार झाली नाही तर ते आपलं झालं, असं तो म्हणत नाही. शिवलेलं फक्त मला ठाऊक होतं. म्हणजे त्या घटकेला पंचही मीच होतो.

काका आता नाहीत. सांगायचं राहून गेलं. डबा अजून फडताळात आहे.