बंद खोलीतील आगगाडी

मुलीच्या लग्नाची बोलणी करण्यासाठी तिच्या भावी सासरची मंडळी आमच्या घरी यावयाची होती, त्या दिवशी पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधी मी उठलो आणि घराच्या मागच्या बाजूच्या लहान खोलीचे दार ओढून घेऊन त्याला कडी घातली. मला तसे कोणी सांगितले नव्हते. त्या खोलीत, तेव्हा आठ फूट लांब आणि तीन फूट रुंद असलेल्या फळीवर, कुर्डुवाडी जंक्शनाची नॅरो गेजची बाजू मी गेली अकरा वर्षे उभी करीत आलो आहे: फलाट, पाण्याची टाकी, सांधेवाल्याची केबिन, मालधक्का, त्याला लागून उभ्या असलेल्या वाघिणी आणि बार्शीकडे निघण्याच्या तयारीत असलेले वाफेचे इंजिन. चहा झाल्यावर पाहुण्यांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी घर पाहता पाहता सहज विचारले, "ही खोली कसली?" मी म्हणालो, "अडगळीची." रात्री सर्व मंडळी गेल्यावर, लहानपणी माझ्या शेजारी बसून रुळांतली खडी चिमटीने पसरलेल्या माझ्या मुलीने मला एवढेच विचारले, "बाबा, अडगळ का म्हणालात?" त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही, ते आता लिहावे म्हणून हा लेख.

आपल्या भाषेने या बाबतीत वयाचा फार काटेकोर हिशेब ठेवलेला आहे. सात वर्षांच्या मुलाने आगगाडी चालविली तर तो खेळ, सतरा वर्षांच्या मुलाने चालविली तर छंद, चाळिशीच्या गृहस्थाने चालविली तर नाद, आणि साठीला टेकलेल्या माणसाने चालविली तर चळ. कृती एकच, तिच्यातले कौशल्य वयाबरोबर वाढलेलेच असते, आणि तरीही जसजसे कौशल्य वाढते तसतसा शब्द मात्र खालच्या पायरीवर उतरतो. हा कलंक कोणी चव्हाट्यावर येऊन लावीत नाही; तो "अजून खेळता का?" अशा हसऱ्या विचारपुशीतून येतो, कचेरीतल्या सहकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहण्यातून येतो, आणि अखेरीस अशा अवस्थेला पोचतो की बाहेरचा मनुष्य काही बोलण्यापूर्वीच आपण स्वतः उठून दाराला कडी घालतो. सामाजिक उपहासाची खरी सत्ता येथे आहे: शिक्षा देण्याचे काम तो आपल्याकडूनच करवून घेतो.

या उपहासाला इतिहास आहे. आगगाडीची प्रतिकृती बाजारात आली ती खेळणे म्हणूनच. जर्मनीतील गॉपिंगेन या गावच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांसह ठरावीक मापाची गाडी मांडली, आणि मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी याने १९२० साली लिव्हरपूलहून किल्लीच्या गाड्या विकावयास आरंभ केला, तेव्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर ग्राहक म्हणून मुलगेच होते. पुढे ती मुले मोठी झाली. त्यांनी खेळण्यातला ढोबळपणा टाकून मापांचा आणि तपशिलांचा आग्रह धरला, आणि खेळण्याच्या दुकानात जन्मलेली वस्तू कारागिराच्या मेजावर येऊन बसली. लंडनमध्ये प्रौढांचा मॉडेल रेल्वे क्लब तर १९१० सालीच स्थापन झाला होता. तथापि वस्तूचा जन्मदाखला समाज विसरला नाही. ज्या इंग्लंडात हा छंद खोलवर रुजला त्याच इंग्लंडात, फलाटावर पावसात उभे राहून इंजिनांचे क्रमांक टिपणारे लोक जो टोपीचा कोट घालीत त्या 'अनोरक'चे नाव, कोणत्याही निरुपद्रवी विषयात बुडालेल्या माणसाला हिणविण्यासाठी वापरले जाऊ लागले.

आता ज्या गोष्टीला पोरखेळ म्हणतात ती काय आहे, हे पाहणे न्यायाचे होईल. या छंदात सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण १:८७ हे आहे, आणि त्यासाठी जगभर मिळणाऱ्या रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते, कारण ते युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरून काढलेले आहे. आपला ब्रॉडगेज मार्ग १,६७६ मिलिमीटरांचा. त्याला ८७ ने भागले तर सव्वाएकोणीस मिलिमीटरांहून किंचित अधिक अंतर येते. म्हणजे विकतच्या रुळांवर भारतीय गाडी उभी करणारा मनुष्य पहिल्या दिवसापासून एका असत्याशी तडजोड करतो, नाही तर प्रत्येक रूळ आणि प्रत्येक चाक स्वतः घडवितो. मी बार्शी लाइट रेल्वे निवडली त्याला भावनेइतकेच गणितही कारण झाले: तिचे ७६२ मिलिमीटर या प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटर होतात, आणि दुसऱ्या एका लहान प्रमाणासाठी तयार होणारे ९ मिलिमीटरांचे रूळ तिला जवळजवळ तंतोतंत लागू पडतात. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने १८९७ साली सुरू केलेली, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडू नये अशा बेताने आखलेली, १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचलेली, वारीच्या दिवसांत माणसांनी ओसंडून वाहणारी ही सुमारे ३२५ किलोमीटरांची गाडी आज त्या रूपात अस्तित्वात नाही. तिचा मार्ग ब्रॉडगेज झाला. सबब तिचे एक स्थानक उभे करण्यासाठी मला जुनी वेळापत्रके शोधावी लागली, छायाचित्रांतल्या माणसाच्या उंचीवरून खिडकीची उंची काढावी लागली, निवृत्त कामगारांच्या ओसरीवर बसून एखाद्या न्यायाधीशाने घ्यावी तशी त्यांची जबानी घ्यावी लागली, आणि दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा बांधलेले पाडून पुन्हा बांधावे लागले. ज्या कामात पुरावा, गणित, हस्तकौशल्य आणि आपली चूक कबूल करण्याची तयारी या चारही गोष्टी लागतात त्याला पोरखेळ म्हणावयाचे असेल, तर प्रौढांचा उद्योग कशाला म्हणावयाचे याचा खुलासा प्रथम झाला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की, प्रौढ माणसाने पुठ्ठ्याचे डोंगर करीत बसावे हेच मुळी आपल्या समाजाच्या वृत्तीला परके आहे. वस्तुस्थिती उलट आहे. भाद्रपदात आपल्या गल्लोगल्ली संसारी, नोकरीपेशाची, पिकल्या केसांची माणसे रात्र रात्र जागून गणपतीची आरास करतात. गोणपाटाचे कडे उभारतात, मोटर बसवून त्यावरून पाणी पाडतात, हलत्या देखाव्यांतल्या बाहुल्यांचे हात-पाय दोऱ्यांनी जोडतात. दिवाळीत अंगणात मुलांचा म्हणून जो किल्ला होतो त्याचा बुरूज सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी वडील गुडघ्यांवर बसलेले असतात. त्यांना कोणी हसत नाही, कारण पहिल्याला धर्माचे आणि दुसऱ्याला मुलाचे निमित्त आहे. तोच पुठ्ठा, तीच मोटर, तेच हात. अनंत चतुर्दशी उलटली आणि निमित्त संपले की त्याच कामाची मुभाही संपते. यावरून असे दिसते की आपला आक्षेप खेळण्याला नाही, निमित्तावाचून खेळण्याला आहे. प्रौढाने आनंद घ्यावा, पण तो देवाच्या, मुलांच्या, प्रकृतीच्या किंवा पैशाच्या खाती जमा दाखवून घ्यावा, असा हा अलिखित दंडक आहे.

म्हणूनच या छंदाचे कैवारी जी कैफियत नेहमी मांडतात ती मला पटत नाही. ते प्रथम थोरामोठ्यांचे दाखले देतात: वॉल्ट डिस्नेने १९५० साली आपल्या घराच्या आवारात माणसे बसू शकतील अशी लहान आगगाडी चालविली, आणि गायक रॉड स्टुअर्ट याने वीस वर्षांहून अधिक काळ खपून एक अख्खे अमेरिकन शहर रुळांसह उभारले. त्यानंतर ते उपयोगाचा दाखला देतात: अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९४६ साली निघालेल्या विद्यार्थ्यांच्या मॉडेल रेल्वे क्लबात सांधे आणि सिग्नल जोडण्याच्या खटपटीतून जी मंडळी तयार झाली, त्यांच्यापैकी काहींनी पुढे संगणकाच्या क्षेत्रात कर्तबगारी गाजविली. हे सर्व खरे आहे. परंतु यातून सिद्ध होते ते इतकेच की कीर्तिमान माणसाला मुभा आहे आणि फलदायी खेळाला मुभा आहे; ज्याला कीर्तीही नाही आणि ज्याच्या खेळाला फळही नाही त्या सामान्य कारकुनाला मात्र ती नाहीच. रॉड स्टुअर्टच्या बाबतीतली एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. २०१९ साली त्याच्या शहराची हकिकत प्रसिद्ध झाल्यावर, हे त्याने स्वतः बांधले नसावे अशी शंका रेडिओवर निघाली, तेव्हा त्याने तेथे दूरध्वनी करून त्यातील बहुतेक सर्व काम आपल्या हातचे आहे असे निक्षून सांगितले. गाण्यासाठी जगाने ज्याला सर्व काही दिले त्या माणसालाही आपल्या हाताच्या या कामाचे श्रेय सोडवले नाही.

मग या कामाचे समर्थन कोणते? माझ्या मते ते ऑक्सफर्डजवळच्या लाँग विटनहॅम या खेड्यातील पेंडन संग्रहालयात पाहावयास मिळते. रॉय इंग्लंड नावाचा एक ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ साली इंग्लंडात आला; तेथल्या एका खोऱ्यातील जुनी गवती छपरांची घरे बदलताना आणि पडताना पाहून तो व्यथित झाला, आणि त्या घरांच्या प्रतिकृती पुठ्ठ्यातून करून ठेवण्यात त्याने आयुष्य घातले. फुटाला ४ मिलिमीटर या मापाने त्या खोऱ्याचे १९२०-३० च्या सुमाराचे रूप तेथे उभे आहे, आणि त्याच्या पश्चातही इतरांचे हात ते पुढे नेत आहेत. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या ध्यासातून उभे राहिलेले आणि १९९८ साली लोकांसाठी खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल त्यांना या निष्ठेचा परिचय आपल्या भूमीवरही झाला असेल. नाहीशा होणाऱ्या गोष्टीकडे इतक्या बारकाईने पाहणे की ती पुन्हा घडविता यावी, हे प्रेमाचे एक रूप आहे. ते कोणाच्या उपयोगी पडले नाही तरी त्याची किंमत उणावत नाही.

येथे एक हरकत मात्र मी मनःपूर्वक मान्य करतो. या छंदाचा खर्च संसाराच्या गरजेतून वजा होत असेल, किंवा त्याचा वेळ आजारी माणसाच्या उशाशी बसण्याच्या वेळातून कापला जात असेल, तर तो दोष खरा आहे, आणि त्याला कलंक म्हणून झटकता येणार नाही. त्याहून अवघड प्रश्न मी एका संध्याकाळी स्वतःलाच विचारला: मला दार लावून बसावयास एक खोली आहे, माझ्या पत्नीला या घरात अशी कोणती जागा आहे? तिची रांगोळी सायंकाळपर्यंत पायांखाली पुसली जाते, तिचे भरतकाम स्वयंपाकाच्या फटीत होते, आणि तिच्या फुरसतीला छंद हे नावदेखील कोणी देत नाही. आपल्या निरुपयोगी आनंदाचा हक्क मागणाऱ्या पुरुषाने तोच हक्क घरातल्या स्त्रीलाही मोकळ्या मनाने दिला नाही, तर त्याची फिर्याद दाखल करून घेण्याच्या लायकीची नाही. आज त्या खोलीत खिडकीपाशी तिचे मेज आहे, आणि फळी दीड फुटाने आखूड झाली आहे.

माझ्यासारख्या इतरांना मी एवढेच सांगेन की, आपल्या कामाची क्षमा मागू नका आणि त्याला उपयोगाचा खोटा दाखलाही जोडू नका. जो विचारील त्याला खोली दाखवा, आणि जो हसेल त्यालाही दाखवा, कारण पुष्कळसे हसे हे न पाहिल्यामुळे होत असते. मी माझ्या मुलीच्या सासऱ्यांना लग्नानंतर पहिल्याच भेटीत ती खोली दाखविली आणि त्या दिवशी आपण अडगळ म्हणालो ते खरे नव्हते असे सांगितले. त्यांना आगगाड्यांची आवड नाही. तरी ते पंधरा मिनिटे उभे राहून शांतपणे पाहत होते.

आणि ज्यांना हा छंद नाही त्या वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या नात्यात, शेजारात किंवा कचेरीत एखादा प्रौढ मनुष्य रूळ, डबे, पतंग, काड्यापेट्यांची चित्रे यांपैकी कशात रमलेला असेल, तर "अजून खेळता का?" असे त्याला विचारू नये. "हे कसे केले?" असे विचारावे, आणि तो सांगू लागला की थोडा वेळ ऐकावे.