भाव आटला तर दोष कोणाचा?

काही प्रश्न भर कीर्तनात कोणी विचारीत नाही. कीर्तन संपते, मंडळी पांगतात, बुक्का लावून घेताना एखादा माळकरी बुवांच्या पायांवर डोके ठेवतो आणि हळूच म्हणतो, "महाराज, नाम घेतो, पण आत काही हलत नाही हो. पांडुरंगापुढे उभा राहिलो तरी कोरडाच. माझे काही चुकले का?" ह्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते. भाव कमी पडतो, नेम वाढवा, संगत सुधारा. पुष्कळांना हे उत्तर लागू पडते, नाही असे नाही. पण विचारणाऱ्यांत एखादा असा निघतो की त्याला हेच उत्तर विषासारखे बाधते. तो ओळखावा कसा, आणि त्याच्या आटलेल्या भावाचा दोष त्याच्या पदरात घालावा की नाही, एवढाच आजचा विचार आहे.

तो माणूस असा असतो. कैक वर्षांची वारी, गळ्यात माळ, एकादशी कधी चुकली नाही. काही महिन्यांपासून पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. जेवणाला चव नाही. टाळ हातात घेतला तर जड वाटतो. नातू मांडीवर येऊन बसला तरी जीव त्याच्याकडे ओढत नाही. रडावे म्हटले तर रडूही येत नाही. घरचे म्हणतात, "आळसावला." शेजारी म्हणतात, "कुणाची तरी नजर लागली." आणि तो स्वतः म्हणतो, "मी पापी आहे, देवाने मला टाकले."

ह्या शेवटच्या वाक्याकडे वाचकांनी नीट पाहावे. डॉक्टर मंडळी ज्याला नैराश्याचा आजार, म्हणजे डिप्रेशन म्हणतात, त्याच्या लक्षणांत मन सतत खिन्न असणे, कशातच गोडी न वाटणे, झोप व भूक बिघडणे, थकवा, चित्त न लागणे ही तर आहेतच. पण आपण निरुपयोगी आहोत, अपराधी आहोत असे कारणावाचून वाटत राहणे हेही त्यांत मोजलेले आहे. ही लक्षणे दोन आठवडे रोज, दिवसाचा बहुतेक वेळ टिकली तर तो आजार धरावा असा संकेत आहे. म्हणजे "मी पापी" हे जे त्याला वाटते, ते अनेकदा पश्चात्तापातून आलेले नसते, तापात अंग तापते तसे ते आजाराचे चिन्ह असते. अशा माणसाला आपण वर आणखी "तुझा भाव कमी" म्हणून सांगितले, तर जखमेवर मीठच की!

आता आपला संप्रदाय तर भावाचा. विद्वत्ता नको, धन नको, भाव असला म्हणजे पुरे, हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. मग भाव हेच ज्याचे भांडवल, त्याचे भांडवल बुडाले तर तो दिवाळखोर नव्हे काय? प्रश्न बिकट आहे. भाव हा माणसाच्या कोणत्या भागात राहतो, हे पाहिल्यावाचून तो सुटणार नाही. म्हणून थोडा वेळ पंढरीची वाट सोडून दूर अमेरिकेत जाऊ.

तेथील व्हर्मॉन्ट प्रांतात कॅव्हेन्डिश गावाजवळ १८४८ साली आगगाडीच्या रस्त्यासाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. फिनिअस गेज नावाचा पंचवीस वर्षांचा मुकादम सुरुंगाच्या भोकात पहारीने दारू ठासत होता. १३ सप्टेंबर रोजी ठिणगी पडून दारू भडकली आणि ती पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. साडेतीन फुटांहून लांब, सहा किलो वजनाची पहार! आश्चर्य हे की गेज वाचला. थोड्याच वेळात बोलू लागला, चालू लागला. डाव्या डोळ्याची दृष्टी तेवढी गेली. डॉक्टर जॉन हार्लो ह्यांनी त्याची शुश्रूषा केली आणि पुढे वीस वर्षांनी, १८६८ साली, त्याची हकीकत लिहून प्रसिद्ध केली. तीत त्यांनी म्हटले आहे की, पूर्वीचा समंजस, कामात चोख असा हा माणूस अपघातानंतर लहरी, शिवराळ, एका बेतावर न टिकणारा झाला; ओळखीच्या लोकांना तो पूर्वीचा गेज वाटेना. लोखंडाने कपाळामागचा मेंदू फाडला आणि स्वभाव बदलला.

दुसरी हकीकत अलीकडची. आन्तोनियो दामासियो नावाच्या मेंदूच्या डॉक्टरांनी ती १९९४ साली आपल्या ग्रंथात दिली आहे. एका गृहस्थाच्या कपाळामागे गाठ झाली, ती शस्त्रक्रियेने काढली, त्यात मेंदूचा थोडा भाग गेला. नंतर तपासले तर बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत, हिशेब शाबूत. तरी त्याचा धंदा बुडाला, संसार मोडला. भयंकर चित्रे दाखवली तरी त्याला काही वाटत नसे. पूर्वी वाटत असे, आता वाटत नाही, हे तो स्वतःच शांतपणे सांगे. अशाच दुसऱ्या एका रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा दिल्या, तेव्हा दोहोंच्या बाजू मांडण्यातच त्याने जवळजवळ अर्धा तास घालवला आणि निवड काही होईना. दामासियो ह्यांचे म्हणणे असे की, अमुक बरे, तमुक नको, हा जो आतून हलका धक्का मिळतो, तो बंद पडला की नुसती बुद्धी जागच्या जागी फिरत राहते.

"मन मारा, भावना जाळा" असा उपदेश करणारे काही उत्साही वक्ते आपल्यातही आहेत. त्यांनी ह्या गृहस्थाला जरूर आठवावे. त्याच्या भावना जळाल्या होत्या. पण त्यातून कोणी स्थितप्रज्ञ निघाला नाही, एक सज्जन माणूस रस्त्यावर आला.

ह्या दोन हकीकतींनी आपल्या श्रद्धेला धक्का बसतो काय? मला तरी तसे वाटत नाही. उलट आपल्याच घरातली एक जुनी गोष्ट त्यांनी पुन्हा उजेडात येते. गीतेचा तेरावा अध्याय काढा. क्षेत्र कोणते आणि क्षेत्रज्ञ कोण, हा तेथील विषय. हे शरीर म्हणजे क्षेत्र, हे सगळ्यांना पाठ असते. पण त्या क्षेत्रात भगवंत काय काय घालतात ते पाहा. पंचमहाभूते, इंद्रिये, हे ठीक. पुढे मन घातले आहे, बुद्धी घातली आहे, अहंकार घातला आहे. इच्छा, द्वेष, सुख, दुःख हीही क्षेत्रातच. आणि धृती? तीही क्षेत्रातच! माउलींनी ज्ञानेश्वरीत ही छत्तीस तत्त्वे एकेक करून उलगडून सांगितली आहेत. आपण सप्ताहात हा अध्याय वाचतो आणि पारायण झाले की पुन्हा रोग्याला म्हणतो, "अरे, जरा धीर धर, मन घट्ट कर." ज्या धृतीने धीर धरावयाचा, तीच क्षेत्राची उपज, आणि क्षेत्रच नापीक झाले असेल तर ती आणावी कोठून? पाय मोडलेल्याला "जरा धावून दाखव" म्हणण्यासारखेच ते आहे.

पाऊस न पडल्याने रान करपले तर गाव शेतकऱ्याला पापी म्हणत नाही, सरकारी पंचनाम्यातही तसे लिहीत नाहीत. हाच न्याय भाव आटलेल्या माणसाला लावला पाहिजे.

आता कोणी विचारील, मग काय, सगळेच क्षेत्रावर ढकलून मोकळे व्हायचे? उद्या चोर म्हणेल, मेंदूने चोरी केली, दारुडा म्हणेल, माझे क्षेत्रच तसे. शंका रास्त आहे. तिचे उत्तर पुन्हा गेजच देतो. त्याची उत्तरकथा फार थोडे लोक सांगतात. १८५२ साली तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि तेथे सुमारे सात वर्षे घोड्यांची प्रवासी गाडी हाकण्याचे काम करीत राहिला. वेळेवर उठणे, घोडे जुंपणे, उतारू सांभाळणे, परक्या भाषेच्या मुलखात रस्ता काढणे, हे लहरी माणसाचे काम नव्हे. १८६० साली फेपऱ्याच्या झटक्यांनी तो वारला. पण मधल्या काळात तो पुष्कळ सावरला होता असे अभ्यासक आता मानतात. रोजच्या ठराविक कामाच्या चाकोरीनेच त्याला सावरले असावे, असाही त्यांचा तर्क आहे. म्हणजे दुष्काळाचा दोष शेतकऱ्याचा नाही, पण ओल मिळाल्यावर पेरणी त्याचीच. किती ओल आहे ते मात्र बांधावर उभे राहून ठरवू नये, शेतात उतरून माती हातात घ्यावी.

आणखी एक आक्षेप जाणते वारकरी घेतील. संतांनाही तळमळ होती, देव भेटत नाही म्हणून त्यांनीही आकांत केला. मग तो काय आजार? नव्हे. विरहात ओढ असते. भेटीची आस जळत असते, म्हणून तर दुःख. नैराश्याच्या आजारात ती आसच विझते. देव भेटला काय, न भेटला काय, सारखेच वाटते. अर्जुनाच्या विषादाचेही तसेच. त्याचे अंग कापले, तोंड कोरडे पडले, गांडीव गळाले, हे खरे. भगवंतांनी आधी त्याला खडसावले, हेही खरे. पण अर्जुनापाशी प्रश्न होता, आणि पुढचे सगळे अध्याय ऐकण्याइतके चित्त होते. ह्या रोग्याचे चित्त एका ओवीवरून दुसरीपर्यंत टिकत नाही. त्याला खडसावून काय होणार?

मग त्याने करावे काय? येथे आपल्या परंपरेपाशी एक मोठी ठेव आहे, ती म्हणजे नेम. भाव येईल तेव्हा हरिपाठ म्हणेन, असे आपण म्हणत नाही. वेळ झाली की म्हणतो. मन लागो न लागो, पाऊल पडते. मानसोपचारातही आज एक पद्धत अशीच आहे. उत्साह येण्याची वाट पाहू नये, आधी छोटी, ठरवून घेतलेली, पूर्वी गोड वाटणारी कामे सुरू करावीत, उत्साह मागून येतो. गोव्यात ह्याच पद्धतीचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी आरोग्यकेंद्रांत येणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांकडे डॉक्टर नसलेली, पण शिकवून तयार केलेली साधी माणसे पाठवली. सहा ते आठ भेटी, बस. तीन महिन्यांनी पाहिले तर अशा रुग्णांपैकी शेकडा ६४ जणांचा आजार उतरला होता. ज्यांना ही सोबत मिळाली नाही त्यांच्यात शेकडा ३९. वाचून माझ्या मनात आले, असे माणूस प्रत्येक दिंडीत एखादे तयार करता येणार नाही काय?

मात्र नेमाची काठी करू नये. "तू आज काकड्याला का नाही आलास?" असे म्हणणे वेगळे आणि "चल, मी घ्यायला आलोय, नुसता बसून राहा" असे म्हणणे वेगळे. आजारी माणसाचा नेम त्याच्यासाठी चार दिवस दुसऱ्याने चालवावा.

आणि औषध? ते घ्यावे, निःसंकोच घ्यावे. मेंदूतले एक रसायन कमी पडले की नैराश्य आले, अशी सोपी गोष्ट पूर्वी सांगत. तेवढ्याने उलगडा होत नाही असे आता अनेक अभ्यासक म्हणतात. अनुवंश, दुःखाचे घाव, कर्ज, एकटेपणा, शरीराचे दुसरे आजार, सगळ्यांचा गुंता असतो. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावली तरी मन खिन्न होते. बाळंतपणानंतर काही आयांना तान्ह्या लेकराविषयी माया वाटेनाशी होते, आणि सासर तिला कैदाशीण ठरवते. कारण गुंत्याचे असले तरी गोळ्यांनी पुष्कळांना गुण येतो, हा अनुभव आहे. गुण यायला काही आठवडे लागतात; मधेच सोडू नयेत.

उपचाराची टाळाटाळ किती आहे पाहा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आपण काही निराळे असू असे समजण्याचे कारण नाही. नैराश्याच्या रुग्णांपैकी शंभरात ऐंशीहून अधिक उपचारावाचून होते. हे लोक जातात कोठे? बरेचसे देवस्थानाच्या दारी. तामिळनाडूत एरवाडी येथे एका धर्मस्थळाजवळच्या आश्रयगृहाला ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली. मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते, पळता आले नाही. २८ जण गेले. दोष एका पंथाचा म्हणून कोणी हात झटकू नयेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधणे आता बंद केले आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न धरता तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याची काळजी घ्यावी, असे सांगितले आहे. कायदा एवढा पुढे आला. "आत्महत्या करणाऱ्याला सात जन्म गती नाही" हे मात्र अजून काही कीर्तनांत ऐकू येते, आणि समोरच्या गर्दीत त्याच विचाराने रात्र काढून आलेला कोणी बसलेला असतो.

कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलला, तर त्याला एकटे सोडू नये, आणि ऐकणाऱ्याने आधी गप्प बसून सगळे ऐकावे. सरकारची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनीची सोय २०२२ पासून आहे, तेथे मराठीतही बोलता येते. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचाराचा विभाग असतो.

जाता जाता वारीला निघणाऱ्यांसाठी एक. मनाच्या गोळ्या चालू असणारे कित्येक जण वाटेत त्या बंद करतात. "आता माउली बघून घेईल" म्हणतात. तसे करू नये. लिथियमची गोळी चालू असेल तर विशेष जपावे. उन्हात घाम गाळून पाणी कमी प्याले किंवा निर्जळी एकादशी केली, तर त्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, गोळ्या पुरतील इतक्या बरोबर घ्याव्यात, आणि त्या कोणत्या व केव्हा हे विणेकऱ्याला किंवा शेजारी चालणाऱ्याला सांगून ठेवावे.