मृतांच्या वस्तू व जिवंतांचे कर्तव्य

मरणाविषयी आपल्या उपासनांतून पुष्कळ बोलले जाते. मरणानंतर घरात जे मागे राहते त्याविषयी मात्र क्वचितच कोणी बोलतो. दफन होते, भेटीस आलेले सोयरे आपापल्या गावी परततात, शेजारणींनी आणून दिलेली भाकरी-आमटी बंद होते, आणि मग घरच्यांस दिसू लागते की, माणूस गेला, पण त्याचे सर्व काही येथेच आहे. खुंटीला पटका आहे, कोनाड्यात चष्मा आहे, दारामागे काठी आहे. फडताळात अर्धी राहिलेली औषधाची बाटली आहे, पेटीत घडी मोडली नाही अशी लुगडी आहेत. हे आवरले पाहिजे असे प्रत्येकास कळते. पण हात उचलत नाही. पावसाळा जातो, हिवाळा येतो, आणि पेटी बंदच राहते.

येथे एक नीतीचा प्रश्न उभा राहतो. हात न उचलणे हा आळस म्हणावा की प्रेम म्हणावे? आणि मृताच्या वस्तू घरातून काढणे ही कृतघ्नता की कर्तव्य? हा प्रश्न क्षुल्लक नाही. ज्यांचे घर दोन खोल्यांचे, त्यांस तो रोज अडखळवितो. आणि जे एकटे राहिले आहेत, त्यांचे उरलेले आयुष्य कसे जाईल हे पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

प्रथम हे स्पष्ट सांगितले पाहिजे की, ह्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. जी बाई पहाटे उठून दळते, पाणी भरते, शेतात निंदणी करते, तिला पेटीतली चार धोतरे काढावयास अंगात बळ नाही असे कोण म्हणेल? बळ आहे, पण त्या प्रत्येक धोतराबरोबर एक निर्णय करावा लागतो, आणि प्रत्येक निर्णय तिला दुसऱ्यांदा निरोप दिल्यासारखा वाटतो. व्हिएन्ना येथील मानसवैद्य सिग्मुंड फ्रॉइड ह्यांनी 1917 साली शोकावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी शोक हे एक कामच आहे असे दाखविले: गेलेल्या माणसाशी जोडलेली एकेक आठवण मनाला स्वतंत्रपणे हाती घ्यावी लागते, म्हणून ते काम थोडेथोडे होते व त्यात मनाची पुष्कळ शक्ती खर्च होते. घर आवरणे म्हणजे हेच काम हातांनी करणे होय. ते जड वाटते ह्यात नवल नाही, व लाज वाटण्यासारखेही काही नाही.

दुसरे एक कारण आपल्या मंडळ्यांच्या विशेष परिस्थितीत आहे. आपल्या शेजारच्या हिंदू घरांत तेराव्यापर्यंतच्या विधींमध्ये मृताच्या नावाने अंथरूण, छत्री, जोडे, भांडे अशा वस्तू दान देण्याची चाल आहे. त्या दानाने मृताला परलोकी सुख पोचते ही समजूत आपण सोडली, आणि ती सोडणे आपल्या विश्वासाला धरूनच होते. परंतु त्या चालीत एक व्यवहारज्ञान होते, ते निष्पक्षपणे मान्य केले पाहिजे. तिने दिवस ठरविला होता. अमुक दिवशी अंथरूण घराबाहेर गेलेच पाहिजे असे असल्यामुळे, शोकाने खचलेल्या माणसाला आपल्या मनाची वाट पाहावी लागत नसे. चालच त्याचा हात धरून त्याजकडून ते काम करवून घेई. आपण विधी सोडला, त्याबरोबर दिवसही गेला, आणि त्याच्या जागी दुसरे काहीच ठेवले नाही. म्हणून आपल्या घरांतील पेट्या वर्षानुवर्षे बंद राहतात.

ह्या बाबतीत दोन टोके आहेत, व दोन्ही घातक आहेत. पहिल्या टोकाचे उदाहरण इंग्लंडच्या विक्टोरिया राणीचे आहे. तिचा पती प्रिन्स आल्बर्ट 14 डिसेंबर 1861 रोजी वारला. त्याची खोली जशीच्या तशी ठेवण्याचा तिने हुकूम केला. त्याचे कपडे मांडून ठेवावे, दाढीसाठी ऊन पाणी न्यावे, असा क्रम 1901 साली ती स्वतः मरेपर्यंत चालू राहिला. तिच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण तो क्रम चालू असता ती कित्येक वर्षे लोकांसमोर येईनाशी झाली, ही गोष्टही प्रसिद्ध आहे. राजवाड्यात खोल्या पुष्कळ. एक बंद ठेवली तर कोणाची अडचण होत नाही. आपल्या घरात मृतासाठी जागा राखून ठेवली, तर ती कोणा जिवंत माणसाची कमी करावी लागते. नातू ओट्यावर कुडकुडतो आणि आजोबांची घोंगडी पेटीत कसर खाते, हे आजोबांना आवडले असते काय?

दुसरे टोक घाईचे. काही घरी तिसऱ्या दिवशीच दीर, नणंद, चुलते मिळून घर आवरावयास बसतात. जिच्या घरातले माणूस गेले ती कोपऱ्यात बसून असते. तिला कोणी विचारीत नाही. संध्याकाळी पाहावे तो भांडी एकाकडे गेलेली, कोयता व पाभर दुसऱ्याकडे, आणि जमिनीचे कागद तिसऱ्याच्या खिशात. हे आवरणे नव्हे. हे लुटणे होय, मग त्याला मदतीचे कितीही गोड नाव द्या. भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 ह्या कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती मनुष्याच्या मालमत्तेत, मुलेबाळे असल्यास, सामान्यतः एक तृतीयांश विधवेचा असतो, व उरलेला भाग मुलगे व मुली ह्यांना सारखाच मिळतो. दीर व चुलते ह्यांचा त्यात हिस्सा नाही. तेव्हा उपदेशकांनी व पंचांनी ह्याविषयी जागरूक असावे. आवरण्याचा दिवस घरच्या माणसाने ठरवावा, आणि त्याच्या परवानगीवाचून एक वाटीही हलू नये.

आता मुख्य शंकेकडे वळू. वस्तू दिली तर माणूस विसरला जाईल काय? प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो येथील दुर्कस नावाच्या शिष्येची हकीकत आहे. ती वारली तेव्हा पेत्राला बोलावून आणले, आणि माडीवर जमलेल्या विधवा रडत रडत त्याला अंगरखे व वस्त्रे दाखवू लागल्या. ती तिने त्यांच्यात असताना केली होती. येथे वाचकांनी थोडे थांबून विचार करावा. त्या बायांनी पेत्रापुढे दुर्कसेची पेटी उघडली नाही. तिने जे शिवून दिले, जे तिच्या हातून निघून दुसऱ्यांकडे गेले, तेच त्यांनी दाखविले. तिची आठवण तिच्या कपाटात नव्हती, ती यापोतील गोरगरिबांच्या अंगावर होती. तसेच पौलाने तीमथ्याला लिहिले की, त्रोवसास कार्पाकडे राहिलेला आपला झगा येताना घेऊन यावा, आणि हिवाळ्यापूर्वी यावे. एवढा मोठा प्रेषित, पण त्याला थंडी वाजत होती व झगा हवा होता. वस्त्र ऊब देण्यासाठी आहे. त्याचा सन्मान त्याचा उपयोग होण्यातच आहे.

ह्यावरून आम्हांस असे वाटते की, स्मरण आणि साठवण ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. साठविलेल्या लुगड्यांकडे महिनोन्‌महिने कोणी पाहतही नाही, कारण पाहिले की दुःख होते. म्हणजे ज्यासाठी ती ठेवली तेच त्यांजकडून होत नाही. उलट आपल्या खेड्यांतील बाया एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत: आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवितात. लुगडे फाडावे लागते, त्याचे थर घालावे लागतात, आणि दोऱ्याचे बारीक धावते टाके सबंध कापडावरून घालावे लागतात. त्याला दिवसच्या दिवस लागतात, व त्या दिवसांत रडणेही होते. पण शेवटी आजी ज्याला कधी दिसली नाही असा नातू तिच्या लुगड्यात गुरफटून निजतो. ह्याला विसरणे कोण म्हणेल?

तथापि, हे सर्व पटले तरी हात उचलेलच असे नाही. मग उमेद कोठून आणावी? पुष्कळांची समजूत अशी की, आधी मनाला उभारी येईल व नंतर काम होईल. म्हणून ते उभारीची वाट पाहत बसतात. अनुभव ह्याच्या उलट आहे. खिन्नतेने ग्रासलेल्या लोकांवर उपचार करणारे आजचे वैद्यही हेच सांगतात की, आधी लहानसे काम ठरवून करावे. इच्छा त्याच्या मागून येते. चूल पेटविताना आपण मोठा ओंडका आधी घालीत नाही, काटक्या घालतो.

तर काटक्यांपासून आरंभ करावा. ज्या वस्तूंशी आठवण जोडलेली नाही त्या प्रथम काढाव्या: रिकाम्या बाटल्या, तुटकी बादली, उरलेली औषधे. ही औषधे अंदाजाने दुसऱ्या आजाऱ्यास कधीही देऊ नयेत. नंतर कागद पाहावे, कारण त्यांना मुदत असते. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावयाची असते. जमिनीवरील वारसांच्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावयाची असते. बँकेतील खाते दहा वर्षे कोणी हाताळले नाही, तर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. वारसांस ती पुढेही मागता येते, पण खेटे घालावे लागतात. ज्या पेटीला हात लावण्याचे धैर्य होत नाही, तिच्याच तळाशी पुष्कळदा पासबुक असते. कपडे सर्वांच्या शेवटी घ्यावे, आणि त्यांतही अंगाचा वास ज्याला आहे ते अगदी शेवटी.

एका वेळी एक कोनाडा किंवा एक फळी पुरे. तीन ढीग करावे: ठेवावयाचे, द्यावयाचे, टाकावयाचे. ज्याविषयी मन ठरत नाही ते एका गाठोड्यात बांधून वर्षभर माळ्यावर ठेवावे. वर्षाने निर्णय सोपा झालेला आढळतो. ठेवावयाचे म्हणजे सर्वच ठेवावयाचे असे होऊ देऊ नये. पण काही ठेवावे, ह्यात पाप नाही. रोज हातात येईल अशी एक वस्तू निवडावी. त्याचा कोयता आपण चालवावा. तिची परात आपल्या चुलीपाशी असावी. द्यावयाचे तेही पाहून द्यावे. फाटके, मळके दुसऱ्याच्या दारी नेऊन टाकणे हे दान नव्हे. धुऊन, टाका घालून द्यावे.

आणि उमेदीचा खरा झरा येथेच आहे, असे आमचे मत आहे. मृताकडे पाहत राहिलो तर हात थरथरतो. स्वतःकडे पाहिले तर मन म्हणते, आज नको. परंतु ज्याला त्या वस्तूची गरज आहे अशा एका माणसाकडे पाहिले, तर हात आपोआप पुढे होतो. घर स्वच्छ व्हावे एवढ्या हेतूने कोणती विधवा नवऱ्याची घोंगडी काढून देईल? पण वस्तीच्या टोकाला ऊसतोडीहून आलेला म्हातारा थंडीत बसला आहे असे कळले, तर तीच विधवा पेटी उघडते. वस्तूंचे ओझे तिला हलविता येत नव्हते. शेजाऱ्याची गरज तिला हलविते. म्हणून जो उपदेशक शोकग्रस्ताला सांत्वन देऊ इच्छितो, त्याने "आता घर आवरा" असे सांगू नये. "अमक्याच्या मुलाला शाळेसाठी दप्तर नाही, तुमच्याकडे एखादी पिशवी आहे काय?" असे विचारावे, आणि मग जवळ बसावे. पुष्कळदा नुसते जवळ बसणारे कोणी असले तरी काम पुढे सरते.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. काहींचा शोक काळाने उतरत नाही. सहा महिने लोटले, वर्ष लोटले, तरी माणूस अन्न, झोप, काम ह्यांस मुकलेला, मनाने त्याच दिवशी अडकलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगसूचीत अशा लांबलेल्या शोकाला स्वतंत्र स्थान दिले आहे. अशा माणसाचा विश्वास कमी पडला असे म्हणून त्याच्या दुःखात भर घालू नये. त्याला वैद्याकडे न्यावे, जसे मोडलेल्या हाताच्या माणसाला नेतो.

मंडळ्यांनीही आपल्यासाठी एक चांगली रीत पाडण्यास हरकत नाही. दफनानंतर दोनतीन महिन्यांनी, घरच्या माणसाच्या संमतीने, एक दिवस ठरवावा. दोघी-तिघी बहिणींनी त्या घरी जावे, सकाळी प्रार्थना करावी, दिवसभर हाताला हात लावावा, आणि संध्याकाळी द्यावयाच्या वस्तू ज्याच्या त्याच्याकडे पोचवाव्या. मृताला त्याने काही मिळेल असे आपण मानीत नाही. त्याला जे मिळावयाचे ते देवाने दिलेले आहे. पण जिवंतांना पुष्कळ मिळेल. आणि आपणांपैकी ज्यांचे वय झाले आहे, त्यांनी आपले कागद एका ठिकाणी बांधून, काय कोणाला द्यावयाचे ते सांगून ठेवले, तर मुलांवरील ओझे आताच हलके होईल.

ज्या वाचकाच्या घरी अशी एक पेटी बंद आहे, त्याने ती सबंध रिकामी करण्याचा विचार आज मनात आणू नये. ह्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी तिचे झाकण उघडावे, वरची एक घडी काढावी, उन्हात घालावी, आणि ती कोणाच्या अंगाला येईल ह्याचा विचार करावा. एवढे झाले म्हणजे आरंभ झाला.